मनगट मुरगळले की मोडले?

पितळखोऱ्याची लेणी आपल्या कन्नड तालुक्यातलीच. सातमाळा डोंगराच्या कुशीत, गौताळ्याच्या रानाजवळ, एका खोल दरीच्या कडेला ती कोरलेली आहेत. ज्यांनी ती पाहिली असतील, त्यांना तिथल्या पायऱ्या आठवत असतील. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि माणसाला जपून पाऊल टाकावे लागते.

काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात मी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेलो होतो. इतिहासाचा मास्तर म्हटल्यावर शिलालेख दाखवणे आलेच. पितळखोऱ्यात ब्राह्मी लिपीतले काही लहानसे दानलेख आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्यांत पैठणचे दाते आहेत. सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला मितदेव आहे. आणि त्यांतच मगिल नावाचा एक माणूस आहे. लेखात त्याला ‘राजवेज’ म्हटले आहे. राजवेज म्हणजे राजवैद्य. खेड्यात आपण आजही ‘वैद’ म्हणतो ना, तो याच कुळातला शब्द. या मगिलाची मुलगी दता आणि मुलगा दतक यांचीही दाने तिथे नोंदलेली आहेत.

मी मोठ्या ऐटीत मुलांना म्हटले, “बघा रे, आपल्या तालुक्यातल्या दगडात एका वैद्याचं घरचं घर कोरलेलं आहे!”

आणि परत चढताना एक मुलगा घसरला. तोंडावर पडू नये म्हणून त्याने उजवा हात पुढे टाकला, आणि सगळा भार तळव्यावर आला. उठून बसला तो मनगट धरूनच.

“सर, काही नाही, नुसता मुरगळला.”

“बोटं हलवून बघ बरं.”

त्याने बोटे हलवली. बोटे हलली. मी लगेच निकाल देऊन टाकला, “बोटं हलतात ना, मग हाड मोडलेलं नाही.” वर रस्त्यावर एक म्हातारबाबा भेटले. ते म्हणाले, “गुरुजी, त्याल लावून चोळा, बोटं वढा, दोन दिसांत हात मोकळा होईल.” बाबांनी तो मायेने चोळलाही.

दोन दिवस गेले, दोन आठवडे गेले. सूज उतरली, पण मुलाला बादली उचलवेना. तिसऱ्या आठवड्यात एक्स-रे काढला, तेव्हा मनगटातल्या एका लहानशा हाडाला तडा गेलेला दिसला. प्लास्टर घालावे लागले आणि ते जवळजवळ तीन महिने राहिले. त्या सत्राची परीक्षा त्याने लेखनिकाकडून दिली. घरच्या कापसाची वेचणी त्याच्या आईने एकटीने केली.

चूक बाबांची नव्हती. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जे पाहिले, ते केले. चूक माझी होती. सकाळी राजवैद्याचे नाव वाचून दाखवणाऱ्या मला दुपारी साधे मनगट ओळखता आले नाही. तेव्हापासून या मनगटाचा इतिहास मी जरा बारकाईने वाचू लागलो. त्यातून जे हाती आले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम मुरगळणे म्हणजे काय, ते पाहू. आपले मनगट म्हणजे बिजागरीसारखा एकच सांधा नव्हे. कोपरापासून येणारी दोन हाडे, एक अंगठ्याच्या बाजूचे आणि एक करंगळीच्या बाजूचे, आणि त्यांच्यापुढे दोन ओळींत बसवलेली आठ लहान हाडे, असा हा गोतावळा आहे. ही हाडे एकमेकांशी चिवट पट्ट्यांनी बांधलेली असतात. बैलगाडीचे जू जसे दोरखंडाने आवळलेले असते, तसे हे बंध हाडांना जागेवर ठेवतात. हात अचानक मागे दुमडला किंवा पिळला गेला की हे बंध ताणतात, काही धागे तुटतात. याला आपण ‘मुरगळणे’ किंवा ‘लचकणे’ म्हणतो. कधी नुसता ताण बसतो, कधी बंध अर्धवट फाटतो, तर कधी पुरता तुटतो. मात्र त्याच पडण्याने बंधाऐवजी हाडही मोडू शकते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात: सूज, ठणका, हात उचलवत नाही. सगळा घोटाळा होतो तो इथेच.

हा घोटाळा आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होता. सुश्रुतसंहिता हा शल्यविद्येचा प्राचीन ग्रंथ. त्याच्या निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांसाठी स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत. सुश्रुताने पहिली गोष्ट केली ती वर्गवारीची. सांध्याची दुखापत वेगळी आणि हाडाच्या दांड्याची दुखापत वेगळी, असे दोन भाग त्याने पाडले. सांध्याच्या दुखापतीचे सहा प्रकार सांगितले, हाड मोडण्याचे बारा. पडणे, दाबले जाणे, मार लागणे, हिसका बसणे, ही कारणेही दिली. हाड मोडले असता काय दिसते? भारी सूज, आत ठणकणे, स्पर्श सहन न होणे, दाबले असता आत करकर वाजणे, आणि हात कसाही ठेवला तरी चैन न पडणे. डोळे, कान आणि बोटे एवढीच साधने हाताशी असताना केलेले हे निरीक्षण आहे.

सांध्याच्या सहा प्रकारांपैकी एकाचे नाव ‘विश्लिष्ट’. थोडी सूज, सतत वेदना आणि सांध्याच्या कामात बिघाड, अशी त्याची लक्षणे सांगितली आहेत. आपल्या मुरगळण्याच्या अगदी शेजारचाच हा प्रकार. आणि याबद्दल सुश्रुताचा आदेश काय आहे? वैद्याने असा सांधा हलवू-घासू नये. त्यावर थंड पाण्याच्या धारा धराव्यात आणि थंड लेप लावावेत.

वाचकहो, मी हे वाचले तेव्हा ग्रंथ मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. चोळणे हा आपला जुना उपाय, असे आपण म्हणतो. पण त्याहून जुना उपाय न चोळण्याचा आहे, आणि तो आपल्याच ग्रंथात लिहिलेला आहे!

पट्टी कशी बांधावी, हेही सुश्रुताने सांगितले आहे. हाडाला आधार देण्यासाठी वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबूच्या कांबी वापराव्यात. पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही. फार आवळली तर सूज येते, वेदना होते आणि भाग पिकतो. म्हणून ती बेताची असावी. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी ती सोडून पुन्हा बांधावी. म्हणजे बांधले आणि विसरले, असे नाही. बांधणाऱ्याने पुन्हा पाहायला आलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. हाताचा तळवा दुखावलेला माणूस बरा होऊ लागला की त्याने आधी मातीचा गोळा हातात धरावा, नंतर मिठाचा खडा धरावा, आणि हातात बळ आल्यावर दगड धरावा. पाहा, व्यायामाची कशी पायरीपायरीने वाढ केली आहे! आज व्यायामोपचाराचे तज्ज्ञ रुग्णाला मऊ चेंडू दाबायला देतात, मग जरा कठीण चेंडू देतात. तत्त्व तेच.

मग ही विद्या पुढे कुठे गेली? ती ग्रंथांत राहिली, आणि हातांतही राहिली. गावोगावचे हाडवैद, धनगरवाड्यांवरचे जाणते आणि तालमीतले वस्ताद यांनी ती हातांत जपली. जनावराचा पाय मोडला तर तो बांधणारा माणूसच पुष्कळदा माणसांचेही हात बांधी. तालमीत रोज कुणाचा खांदा निखळे, कुणाचे बोट मोडे. तेव्हा वस्तादाला हे आलेच पाहिजे होते. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्राध्यापक माणिकराव हे व्यायामाबरोबरच हाडे बसवण्यातही निष्णात म्हणून नावाजलेले होते. तेव्हा हाडवैद म्हटले की नाक मुरडावे, असे मुळीच नाही.

इंग्लंडातही हेच घडले. तिकडे हाडे बसवणारी घराणी असत आणि शिकलेले डॉक्टर त्यांना हसत. पण १८६७ मध्ये जेम्स पॅजेट या नामवंत शल्यवैद्याने आपल्या व्याख्यानात सांगितले की, हाडवैदांच्या हातून बरे होणारे रोगीही आहेत. ते कोणते आणि का बरे होतात, हे आपण शिकून घेतले पाहिजे. दुखापतीनंतर आखडून गेलेला सांधा हाडवैद मोकळा करीत, हे त्यांचे बळ होते. आणि जिथे सांधा आतून आजारी किंवा हाड मोडलेले असे, तिथे त्याच ओढाताणीने घात होई.

वेल्समधल्या अशाच एका हाडवैद घराण्यात १८३४ साली ह्यू ओवेन थॉमस जन्मले. वडील हाडवैद, मुलगा रीतसर शिकून डॉक्टर झाला आणि लिव्हरपूल शहरात त्याने जन्मभर गोरगरिबांवर उपचार केले. दुखावलेल्या हाडाला आणि सांध्याला पुरेशी, अखंड विश्रांती मिळाली पाहिजे, हे त्याचे सूत्र होते. त्याने तयार केलेली पायाची आधारपट्टी पहिल्या महायुद्धात असंख्य जखमी सैनिकांच्या उपयोगी पडली. घराण्याचा हात आणि शाळेचे ज्ञान एकत्र आले म्हणजे काय होते, त्याचा हा नमुना.

आता पुन्हा आपल्या मनगटाकडे येऊ. युरोपात शेकडो वर्षे अशी समजूत होती की, पडल्यावर मनगट वाकडे दिसले तर सांधा निखळला असावा, नाहीतर मुरगळला असावा. फ्रान्समधील क्लोद पुतो यांच्या १७८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनात, हे पुष्कळदा हाड मोडण्याचे प्रकार असतात, असे आले होते. पण ते फारसे कुणी मनावर घेतले नाही. पुढे १८१४ साली आयर्लंडमधील डब्लिन शहराचे शल्यवैद्य अब्राहम कोलिस यांनी एक छोटासा लेख लिहिला. अंगठ्याच्या बाजूचे हाड मनगटाच्या थोडे वर मोडते, आणि त्यालाच लोक निखळणे किंवा मुरगळणे समजतात, हे त्यांनी दाखवून दिले. हे त्यांनी एक्स-रे नसताना, केवळ हाताने चाचपून ओळखले! पुढे या मोडण्याला त्यांचेच नाव मिळाले.

हे मोडणे आपल्याकडेही घरोघर होते. अंगणात, न्हाणीत, शेताच्या बांधावर एखादी वयस्कर बाई घसरते, हात टेकते, आणि मनगट मोडते. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे विरळ होत जातात, म्हणून साध्या पडण्यानेही हे घडते. हात बाजूने पाहिला तर काट्याच्या चमच्यासारखा बाक दिसतो. आजीबाई म्हणतात, “मुरगळलाय गं, हळद लाव.” हळदीने बिघडत काही नाही. पण हाड जागेवर बसवले नाही, तर मनगट कायमचे वाकडे राहू शकते. आपल्या ओळखीच्या वयस्कर बायकांची मनगटे एकदा नीट पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

नंतर आला तो १८९५ चा नोव्हेंबर महिना. जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, आणि २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. बोटांची हाडे दिसली आणि त्यांवर अंगठीची काळी सावली दिसली. जगातल्या या प्रसिद्ध चित्राचा विषय हातच असावा, हा योगायोग खरा. त्या दिवसापासून ‘मुरगळले की मोडले’ या प्रश्नाला डोळ्यांनी उत्तर मिळू लागले.

मात्र तेही पूर्ण नाही, बरं का! मनगटाच्या आठ लहान हाडांत अंगठ्याच्या बुडाशी होडीच्या आकाराचे एक हाड आहे. तरुण माणूस तळव्यावर पडला की हे हाड तडकते. तडा इतका बारीक असतो की, पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत तो कधी कधी दिसतच नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढला तर दिसतो. या हाडाला रक्ताचा पुरवठाही बेताचाच. तेव्हा ते वेळेवर स्थिर ठेवले नाही, तर सांधत नाही. काही वेळा त्याचा तुकडा निर्जीव होतो आणि पुढे मनगट जन्माचे दुखरे राहते. माझ्या विद्यार्थ्याचे तडकलेले हाड ते हेच. बोटे हलतात म्हणून हाड शाबूत आहे, हा माझा निकाल किती पोकळ होता, ते यावरून कळेल.

इतिहासातले आणखी एक वर्ष सांगतो, १८८१. जर्मनीच्या हाले शहरातले शल्यवैद्य रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी त्या वर्षी एक भयंकर गोष्ट नीट समजावून सांगितली. हात मोडल्यावर पट्टी फार आवळून बांधली, तर रक्त अडते, आतले स्नायू मरतात, आणि मग बोटे पक्ष्याच्या पंजासारखी कायमची आखडून जातात. हाड जुळते, पण हात जातो. त्याआधी तीस वर्षे, नेदरलँड्सचे लष्करी डॉक्टर अँटोनियस मॅथाइसेन यांनी प्लास्टरची पट्टी तयार करून १८५२ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली होती. ते प्लास्टर असो की आपल्या कांबी असोत, आवळून बांधण्याचा धोका दोहोंना सारखाच. सुश्रुताने ‘बेताची पट्टी’ का म्हटले होते, ते इथे उमगते.

तर एवढ्या इतिहासाचे सार आपल्या घरात आणि शाळेत कसे वापरायचे, ते आता पाहू.

कुणी हातावर पडले की पहिल्यांदा ओढू नका, चोळू नका, फक्त पाहा. दोन्ही हात शेजारी ठेवा आणि दुखरा हात चांगल्या हाताशी ताडून पाहा. आकार बदलला आहे काय? बाक, खड्डा किंवा उंचवटा दिसतो काय? दिसत असेल, तर तो मुरगळा नाही असे धरून चाला.

दुसरी गोष्ट, एका बोटाने हलकेच दाबून पाहा. अंगठा ताठ वर केला की त्याच्या बुडाशी दोन शिरांमध्ये एक खळगा पडतो. तपकीर ओढणारे लोक चिमूट ठेवतात ना, तोच. त्या खळग्यात दाबल्यावर कळ आली, तर होडीच्या हाडाचा संशय घ्यावा. तसेच मनगटाच्या थोडे वर, नेमके हाडावरच एका जागी दाबून असह्य कळ आली, तरीही संशय घ्यावा.

तिसरी गोष्ट बोटांची. बोटे गार, फिकी किंवा निळसर पडली काय, मुंग्या येतात काय, बधिर झाली काय, ते पाहा. नखावर दाबून सोडा. पांढरे झालेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. तसे न झाले, तर वेळ घालवू नका. त्याच पावली दवाखान्यात न्या. जखमेतून हाड दिसत असेल, तर स्वच्छ कापड झाकून तसेच न्या.

चौथी गोष्ट वयाची. मुलांची हाडे कोवळी असतात. ओल्या फांदीसारखी ती एका बाजूने चिरतात आणि वरून फारसे दिसत नाही. हाडाच्या टोकाशी असलेला वाढीचा भाग दुखावला, तर पुढे हाताच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून मूल हात वापरायचे टाळत असेल, तर त्याला खोटे ठरवू नये. साठी ओलांडलेल्या माणसाचेही तसेच. या दोन वयांत ‘नुसता मुरगळला’ हा शब्द जपून वापरावा.

आणि पाचवी गोष्ट दिवसांची. साधा मुरगळा दोन-तीन दिवसांत ओसरू लागतो. तसा तो ओसरला नाही, मूठ आवळताना कळ राहिली, किंवा पहिला एक्स-रे चांगला येऊनही आठवडा-दीड आठवड्याने दुखणे तसेच असेल, तर पुन्हा दाखवावे. “एकदा दाखवलंय की,” म्हणून घरी बसू नये.

संशय असो वा नसो, पहिले उपचार एकच आहेत. सर्वांत आधी बांगड्या, कडे, अंगठी, घड्याळ, मनगटाचा दोरा काढून टाका. सूज चढली की ते रुततात, आणि मग कापून काढायची पाळी येते. बायाबापड्यांना बांगडी उतरवणे जिवावर येते, हे मी जाणतो; पण हाताहून बांगडी मोठी नाही. सौभाग्य हाताला घट्ट बसण्यात नसते, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच त्यांना सांगावे.

नंतर गारवा द्यावा. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून, नुसता त्वचेवर न ठेवता, एका वेळी पंधरा-वीस मिनिटे. बर्फ नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेला पंचा चालतो. पहिले दोन दिवस दर दोन-तीन तासांनी असे करावे. याने ठणका कमी होतो. पहिले दोन-तीन दिवस शेक नको, मालिश नको, गरम तेल नको. आंबेहळद आणि रक्त्याबोळाचा लेप कातडी फुटलेली नसेल तर लावायला हरकत नाही. मात्र लेप लावावा तो हलक्या हाताने, आणि लेपाच्या भरवशावर तपासणी टाळू नये.

हात स्थिर ठेवावा. शाळेतली लाकडी फूटपट्टी, जाड पुठ्ठा, घडी घातलेले वर्तमानपत्र, यांपैकी काहीही कोपराच्या खालून तळव्यापर्यंत ठेवावे आणि मऊ पट्टीने बांधावे. बोटे उघडी राहू द्यावीत, म्हणजे त्यांचा रंग पाहता येतो. पट्टीखाली एक बोट सहज गेले पाहिजे. मग उपरण्याची किंवा ओढणीची झोळी करून हात छातीशी टांगावा. निजताना उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवावा. दर तासा-दोन तासाने बोटे पाहावीत. वेदना पट्टी बांधल्यावर कमी होण्याऐवजी वाढतच गेली, तर पट्टी लगेच सैल करावी आणि डॉक्टरांकडे जावे. १८८१ हे वर्ष तेवढ्यासाठी ध्यानात ठेवा.

पुढे काय? विश्रांती आणि हालचाल यांचा मेळ घालायचा. १९७८ मध्ये अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि हात उंच ठेवणे अशी चार कलमे सांगितली आणि ती जगभर पाठ झाली. पुढे त्यांनीच मोकळेपणाने सांगितले की, फार बर्फ आणि फार दिवसांची विश्रांती यांनी भरून येणे लांबू शकते. म्हणून आजची रीत अशी: हाड शाबूत असल्याची खात्री झाली की, दोन-तीन दिवसांनी सोसेल तेवढीच हालचाल सुरू करावी. बोटे उघडझाप करावी, मनगट हळूहळू फिरवावे, मग मऊ चेंडू किंवा ओल्या मातीचा गोळा दाबावा. माती, मीठ, दगड, हा क्रम आठवला का? हलका मुरगळा दोन-तीन आठवड्यांत बरा होतो. बंध अर्धवट फाटला असेल, तर दीड महिना लागू शकतो. पुरता तुटला असेल, तर तज्ज्ञाकडे जाण्यावाचून इलाज नाही. दुखणे पुरते थांबेपर्यंत पोते उचलणे, पाण्याचे हंडे, कुस्ती आणि गाडीचे मुंडे बाजूलाच ठेवावेत.

कुणी म्हणेल, “मास्तर, हे सगळं खरं, पण खेड्यात एक्स-रे कुठून आणायचा?” प्रश्न बरोबर आहे. एका एक्स-रेसाठी एक दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे पडते. पण हिशेब दोन्ही बाजूंनी करू या. कन्नडहून छत्रपती संभाजीनगरची वाट साठेक किलोमीटरची. तिथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला आपण सगळे ‘घाटी’ म्हणतो, ते १९५६ सालापासून आहे. एक दिवस मोडून हात वाचतो. आणि जो हात कापूस वेचतो, अद्रक खणतो, दूध काढतो, फळ्यावर लिहितो, त्याची मजुरी जन्मभराची असते. माझ्या विद्यार्थ्याच्या घरी एक दिवस वाचवण्यापायी तीन महिने गेले.

हाडवैदांनाही माझी हात जोडून विनंती आहे. आपला हात कसलेला आहे, यात शंका नाही. आपण पहिला उपचार जरूर करावा: हात स्थिर करून द्यावा. पण ओढण्याआधी एक्स-रे पाहण्याचा आग्रह आपणच धरावा. आपल्या शब्दाला गावात जे वजन आहे, ते आमच्या पुस्तकांना नाही.

जाता जाता पितळखोऱ्याकडे पुन्हा एकदा वळतो. १९५० च्या दशकात मधुसूदन नरहर देशपांडे यांच्या देखरेखीखाली तिथला ढिगारा उपसला गेला, तेव्हा दगडी यक्षाची एक सुरेख मूर्ती मिळाली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणा, गुटगुटीत, हसऱ्या चेहऱ्याचा हा यक्ष डोक्यावरचे पात्र हातांनी सावरून उभा आहे. त्याच्या हाताच्या मागच्या बाजूस ब्राह्मीत लिहिले आहे की, ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली. कारागिराने आपले नाव कुठे कोरले पाहा. ज्या अवयवाने घडवले, त्याच अवयवावर!

तो मुलगा आता बरा आहे. गेल्या वर्षी भेटला, तेव्हा त्याने उजवा हात पुढे करून मूठ घट्ट आवळून दाखवली. मी मात्र अजूनही सहलीला निघताना पिशवीत एक फूटपट्टी, एक स्वच्छ पंचा आणि एक पट्टी टाकतो. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपणही टाकत चला. आणि कुणी म्हणाले, “काही नाही, नुसता मुरगळला,” तर त्या हाताला चोळू नका. तो आधी नीट पाहा.